ॲडॉप्टर बदलला की रेकॉर्ड सुधारते का?

प्रश्न : आजोबांच्या जुन्या एल.पी. ऐकायच्या म्हणून बेल्टवर चालणारा टर्नटेबल घेतला. ‘कट्यार काळजात घुसली’ची रेकॉर्ड लावली की गाणे सुरू होण्याआधीच्या शांततेत बारीकशी ‘घूं’ ऐकू येते. सोबत मिळालेला ॲडॉप्टर हातात घेतला तर अगदीच हलका वाटतो. तो काढून ‘लिनिअर’ पॉवर सप्लाय बसव, असे मित्र सांगतो. सोल्डरिंग आयर्न मी कधी हातात धरलेले नाही. हे घरच्या घरी जमेल का? आणि खरेच काही फरक पडतो का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : जमेल, निदान त्यातला बिनधोक भाग तरी नक्की जमेल. फरक पडेलच याची हमी मात्र देता येत नाही. ‘घूं’ ऐकू आली की पहिला आळ ॲडॉप्टरवर येतो आणि बरेचदा चोर दुसराच निघतो. म्हणून खिशात हात घालण्याआधी थोडा तपास करू.

कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल असतो जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्टचा. फोनो प्रीॲम्प तो साधारण १०० पट मोठा करतो. त्यात आणखी एक मेख आहे. रेकॉर्ड कोरताना खर्जाकडचा आवाज मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर खाचा फार रुंद होऊन एका बाजूला पुरेसे गाणे मावले नसते. वाजवताना प्रीॲम्प तो दाबलेला खर्ज परत उचलतो. ५० हर्ट्झपाशी ही उचल आणखी सुमारे सात पट असते. म्हणजे घरातल्या वायरिंगमधून भटकत आलेली ५० हर्ट्झची गुणगुण जवळपास ७०० पट होऊन स्पीकरपर्यंत पोहोचते. इतक्या मोठ्या भिंगाखाली बारीकसारीक दोषही डोंगराएवढा दिसणारच.

आता तपास. मोटर बंद ठेवा, पिन रेकॉर्डला टेकवू नका आणि आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवा. ‘घूं’ तशीच असेल तर ती मोटरची नाही. टर्नटेबलच्या मागे अर्थची बारीक वायर असेल, तर ती प्रीॲम्पच्या ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूला घट्ट बसली आहे ना, ते पाहा. प्रीॲम्प वेगळा असेल तर टर्नटेबलचा ॲडॉप्टर बोर्डातून काढूनच टाका. तरीही ‘घूं’ राहिली तर ॲडॉप्टर निर्दोष सुटला. शेवटची चाचणी टोनआर्मची : पिन अधांतरी ठेवून आर्म काठाकडून मधल्या लेबलाकडे हळूहळू न्या. जाता जाता ‘घूं’ वाढत गेली, तर कार्ट्रिज जवळच्या मोटरचे किंवा ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र पकडते आहे. अशा वेळी ॲम्प्लिफायर हातभर लांब सरकवण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

एवढे करूनही संशय ॲडॉप्टरवरच राहिला, तर त्याच्या पाठीवरचे लेबल वाचा. ‘आउटपुट’पुढे आकडा असतो आणि आकड्याजवळ एक खूण. नागमोडी रेघ म्हणजे एसी. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी. पुढचे सगळे या खुणेवर ठरते. एसी मागणाऱ्या टर्नटेबलला डीसी दिले तर मोटर फिरणार तर नाहीच, वर तापून जळू शकेल.

खूण नागमोडी असेल, तर तुमची मोटर सिंक्रोनस आहे. ती व्होल्टेजवर नाही, फ्रीक्वेन्सीवर चालते. अशा मोटरी बहुधा २४ पोलच्या असतात आणि ५० हर्ट्झवर मिनिटाला बरोबर २५० फेरे घेतात. पुली आणि बेल्ट तो वेग साडेसात पटीने उतरवतात आणि थाळी ३३⅓ वर येते. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेते, त्याच ५० हर्ट्झसाठी. तिचे बारा फेरे झाले की गंगापूर रोडवरच्या तुमच्या मोटरचा एक फेरा पुरा होतो. मधल्या ॲडॉप्टरला या हिशेबात ढवळाढवळ करता येत नाही. तो कितीही महागडा घेतला तरी वेग तोच राहतो.

ग्रिडची फ्रीक्वेन्सी मात्र एकेकाळी खरोखर डळमळीत होती. संध्याकाळी लोड वाढला की ती ४८.५ हर्ट्झपर्यंत उतरणे नवलाचे नव्हते, आणि मग रेकॉर्ड तीन टक्के हळू फिरून गाण्याचा सूर जवळपास अर्ध्या पट्टीने खाली जाई. जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात विजेचा दर फ्रीक्वेन्सीशी जोडला गेला, तेव्हा शिस्त आली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रिडही उर्वरित देशाच्या ग्रिडला जोडले गेले. आज नियमाने ठरलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. यातला फरक तयार कानालाही कळणार नाही. थोडक्यात, तुमच्या टर्नटेबलचे सर्वांत मोठे अपग्रेड सोलापुरात होऊन गेले आहे आणि त्याचे बिल तुम्हाला आलेले नाही.

अपवाद एकच. लाइट गेल्यावर घर साध्या, स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चालत असेल, तर मोटर आणि ट्रान्सफॉर्मर घरघरतात. तेवढा वेळ रेकॉर्ड लावू नये. एसी मोटरसाठी खरा अपग्रेड म्हणजे स्वतः स्वच्छ साइन वेव्ह तयार करणारा इलेक्ट्रॉनिक सप्लाय. रेगाचा निओ किंवा प्रो-जेक्टचा स्पीड बॉक्स ही त्याची तयार उदाहरणे. त्यात बेल्ट न सरकवता बटणावर ३३ आणि ४५ बदलता येतात. पण हे पहिलटकराने घरी जुळवण्याचे काम नाही.

खूण सरळ रेघेची असेल, तर घरकामाला वाव आहे. डीसी मोटरचा वेग आतले सर्किट सांभाळते, त्यामुळे वेगात फरक पडणार नाही. मात्र त्याच ॲडॉप्टरवर आतला प्रीॲम्पही चालत असेल, तर तुमच्यासारख्या हलक्या, म्हणजे स्विचिंग ॲडॉप्टरची किरकिर त्यात शिरू शकते. लिनिअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि साध्या रेग्युलेटरवर चालणाऱ्या सप्लायचा खरा उपयोग इथेच.

पहिला नियम : २३० व्होल्ट तुमच्या कामाच्या टेबलावर येताच कामा नयेत. १५ व्होल्ट एसी, १ अँपिअर देणारा बंद डब्यातला तयार ॲडॉप्टर घ्या. पुढचा सगळा भाग कमी व्होल्टचा, तेवढाच घरी जुळवा. १२ व्होल्टच्या टर्नटेबलसाठी सामान असे : चार डायोडचा ब्रिज रेक्टिफायर, ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर, ७८१२ रेग्युलेटर, त्याला हीटसिंक, आणि रेग्युलेटरच्या पायांलगत ०.३३ व ०.१ मायक्रोफॅरडचे दोन छोटे कपॅसिटर. ७८१२ ची छापील बाजू आपल्याकडे धरली, तर डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. मोठ्या कपॅसिटरचा पट्टा असलेला पाय ऋण. तो उलटा जोडला तर कपॅसिटर फुटतो. मूळ लेबलवर अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त मागणी असेल, तर ही जुळणी सोडून द्या.

सामान गावात एकगठ्ठा मिळाले नाही, तर पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडची फेरी करावी. मल्टिमीटरही तिथेच घ्या, त्याच्यावाचून हे काम सुरू करू नका.

सप्लाय तयार झाला की लगेच टर्नटेबलला लावायचा नाही. आधी दुचाकीचा १२ व्होल्ट, ५ वॉटचा बल्ब जोडून अर्धा तास पेटता ठेवा. बल्ब साधारण ०.४ अँपिअर ओढतो. तेवढ्या वेळात मीटर १२ च्या आसपास स्थिर राहिला आणि हीटसिंक हात टेकवण्याजोगी राहिली, म्हणजे जोडणी पास. मग जुन्या ॲडॉप्टरच्या पिनेत मधले टोक धन आहे की ऋण, ते मीटरने तपासा आणि नव्या पिनेला तेच ठेवा. ५.५ मिलिमीटरच्या पिनेत आतले भोक २.१ चे असते किंवा २.५ चे, चुकीची पिन सैल बसते आणि गाणे मध्येच तुटते.

खर्चाचा क्रम विचाराल तर आधी अर्थ आणि जागा, मग बेल्ट, मग रेकॉर्डवर टेकणारी पिन आणि सर्वांत शेवटी सप्लाय. ताणलेला बेल्ट बदलल्याने जो फरक कानाला कळतो, तो सप्लाय बदलून क्वचितच कळतो.

प्रश्न : अमेरिकेतला आतेभाऊ त्याचा टर्नटेबल मला देणार आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की काम भागेल ना?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : डीसी ॲडॉप्टरचा असेल, तर ट्रान्सफॉर्मरचीही गरज नाही. त्याच व्होल्टेजचा, तेवढेच अँपिअर देणारा आणि पिनेची तीच दिशा असलेला इथला ॲडॉप्टर पुरेल. क्वार्ट्झ लॉकचा डायरेक्ट ड्राइव्ह असेल, तर ट्रान्सफॉर्मरने भागेल. सिंक्रोनस मोटरचा असेल, तर मात्र नाही. ट्रान्सफॉर्मर २३० चे १२० व्होल्ट करतो, ५० चे ६० हर्ट्झ करत नाही. थाळी ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेऱ्यांवर रेंगाळेल आणि काळी चारमध्ये गायलेले गाणे पांढरी चारच्याही किंचित खाली ऐकू येईल. त्यावर उपाय म्हणजे ५० हर्ट्झची, थोडी मोठी पुली. ती त्या मॉडेलसाठी मिळते का, हे भाऊ सामान बांधण्याआधीच विचारून घ्या. वेग तपासायला स्ट्रोब डिस्क घ्याल, तर ३३⅓ साठी १८० रेघांची घ्या. अमेरिकेतली २१६ रेघांची असते, ती इथे निरुपयोगी. आणि ती पाहायची जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात. चांगल्या एलईडीचा उजेड लुकलुकत नाही, त्यामुळे रेघा थांबलेल्या दिसणारच नाहीत.