पाताळगंगेचा गाळ : तो वाहतो कसा आणि बसतो कोठे

पावसाळ्यात शिळफाट्याच्या परिसरात पाताळगंगेचे पाणी तांबूस दिसते. हा रंग खालापूर तालुक्यातील डोंगरउतारांवरून वाहून आलेल्या मातीचा होय. ही माती समुद्रास मिळाली की संपली, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. तिचा बराच भाग खाडीत बसतो आणि काही भाग भरतीबरोबर पुन्हा मागे येतो. वरच्या शेतकऱ्याचे जे नुकसान, तेच पुढे खालच्या शेतकऱ्याची अडचण होऊन बसते.

खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून तेथून सुटणारे पाणी पाताळगंगेस मिळत आले आहे. खालापूर, रसायनी, खारपाडा या मार्गाने नदी धरमतरच्या खाडीकडे जाते. घाटाच्या पायथ्याशी उतार अधिक असल्याने प्रवाह वाळूसुद्धा उचलून नेतो. सखल प्रदेशात वेग मंदावताच जड कण प्रथम खाली बसतात.

कणांचा आकार व बसण्याचा वेळ

स्थिर पाण्यात एक मीटर खाली जाण्यास बारीक वाळूच्या कणास सुमारे २ मिनिटे लागतात. पोयट्याच्या बारीक कणास सुमारे ३ तास, तर चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणास दहा दिवसांहून अधिक काळ लागतो. मग चिकणमाती खाडीत बसते कशी? याचे उत्तर मिठात आहे. तिच्या कणांवर ऋण विद्युतभार असल्याने गोड्या पाण्यात ते एकमेकांस दूर लोटतात. खाऱ्या पाण्यात हा जोर कमी होतो, कण परस्परांस चिकटून त्यांचे पुंजके बनतात व ते लवकर खाली बसतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रयोग सभेत करून दाखवावा. दोन काचेच्या पेल्यांत सारखेच गढूळ पाणी घ्यावे, एकात चमचाभर मीठ विरघळवावे आणि दोन्ही पेले न हलविता ठेवावेत. मिठाचे पाणी आधी निवळू लागते.

भरती-ओहोटीचे कार्य

एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. प्रवाहाची दिशा बदलताना पाणी काही वेळ संथ होते. त्या वेळी गाळ बसतो. प्रवाह वाढताच त्यातील काही गाळ पुन्हा उठतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचा प्रवाह जोराचा असतो, तर अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी मंद असल्याने गाळ अधिक टिकतो. पावसाळ्यात नदीचा लोंढा गाळ खाडीच्या मुखाकडे ढकलतो. उन्हाळ्यात नदीचा जोर ओसरला की भरती तोच गाळ वर आणते.

शेतीवरील परिणाम

खारबांधाच्या बाहेर गाळाचा थर वर्षानुवर्षे चढत जातो. आतील शेतास मात्र तो मिळत नाही. बाहेरची पातळी उंचावून उघाडीचे तोंड बुजले की अतिवृष्टीत आतले पाणी ओहोटीतही बाहेर पडत नाही व भाताची रोपे कुजतात. बांधास खांड पडल्यास खारे पाणी शेतात शिरते आणि पुढील हंगामही धोक्यात येतो.

उपाय

वरच्या भागातील शेतकऱ्यांनी :

१. नाचणी व वरी यांची लागवड उताराला आडवी करावी.

२. पावसाळ्यापूर्वी बांधबंदिस्ती पुरी करून बांधांवर गवत राखावे.

३. लहान ओहोळांवर दगडांचे बांध घालावेत.

खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी :

१. उघाडीसमोरील गाळ उन्हाळ्यातच उपसावा. तो खारा असल्याने शेतात पसरू नये.

२. उघाडीच्या झडपा पावसापूर्वी तपासाव्यात. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेल्यावरच उघाडी खोलावी व भरतीपूर्वी बंद करावी.

३. बांधाबाहेरील खारफुटी तोडू नये. ती लाटांचा जोर मोडून बांधाचे रक्षण करते.

उघाडीपुढचा गाळ दरवर्षी उपसावा लागतो, कारण नदी तो दरवर्षी आणते. खालापूरच्या उतारावर जेवढी माती अडेल, तेवढा हा खर्च कमी होईल. म्हणून वरच्या व खालच्या गावांतील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्याच्या आरंभीच एकत्र बसून दोन्हीकडील कामांची आखणी करणे इष्ट होय.