'कम्प्लेन'चा अर्थ आणि वापर: 19 फुटक्या कपांचा धडा

या आठवड्याच्या व्हिडिओत 'कम्प्लेन' हे क्रियापद घेतलं होतं. बऱ्याच जणांनी नोट्स मागितल्या, म्हणून हा लेख.

आधी माझीच फजिती सांगतो. दुकान नवीन होतं. बेंगळुरूच्या एका सप्लायरकडून कप मागवले. खोके उघडले तर 19 कप फुटलेले. तिकडे मराठी चालणार नाही, म्हणून इंग्रजीत मेल ठोकला: 'आय हॅव अ कम्प्लेन. यू आर ऑलवेज सेंडिंग ब्रोकन कप्स. आय अ‍ॅम कम्प्लेनिंग यू.'

उत्तर आलं, 'सॉरी टू हिअर दॅट.' बस्स, एवढंच! मी वाट बघत बसलो. दहाव्या दिवशी फोन केला, तर समोरचा म्हणाला, "सर, तुम्ही रिप्लेसमेंट मागितलीच नव्हती. आता 7 दिवसांची मुदत संपली." 120 रुपयांचा एक कप, म्हणजे 2,280 रुपये पाण्यात.

चूक कुठे झाली? चला, एकेक बघू.

1) अर्थ
कम्प्लेन म्हणजे नाराजी बोलून दाखवणे. या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ छाती पिटून शोक करणे. आपण 'ऊर बडवणे' म्हणतो ना, तेच! मराठीत तक्रार वेगळी आणि कुरकुर वेगळी. इंग्रजीत दोन्हीसाठी कम्प्लेन चालतं. 'ऑलवेज कम्प्लेनिंग' म्हटलं की मात्र सरळ कुरकुरच. 'यू आर ऑलवेज सेंडिंग' मध्येही तोच वैतागाचा सूर आहे. त्यातून तो माझा पहिलाच माल होता, मग 'ऑलवेज' आलं कुठून?

2) क्रियापद की नाम
कम्प्लेन हे क्रियापद, कम्प्लेंट हे नाम. म्हणून 'आय हॅव अ कम्प्लेन' चूक, 'आय हॅव अ कम्प्लेंट' बरोबर. शेवटचा 'टी' विसरू नका.

3) पुढे कोणता शब्द लावायचा
• कोणाकडे तक्रार, तर 'टू': आय कम्प्लेन्ड टू द मॅनेजर. 'कम्प्लेनिंग यू' होत नाही.
• कशाबद्दल तक्रार, तर 'अबाउट': शी कम्प्लेन्ड अबाउट द पॅकिंग.
• दुखणंखुपणं, तर 'ऑफ': ही कम्प्लेन्ड ऑफ स्टमक पेन.
• पूर्ण वाक्य जोडायचं, तर 'दॅट': ही कम्प्लेन्ड दॅट द बिल वॉज राँग.

4) एक गंमत
'हाऊज बिझनेस?' असं विचारल्यावर कोणी 'कान्ट कम्प्लेन' म्हणालं तर घाबरू नका. त्याला तक्रार करायला बंदी नाही. 'बरं चाललंय' एवढाच अर्थ.

आता मुद्द्याचं. व्याकरण सुधारलं असतं तरी माझे पैसे परत आले नसते, कारण मी फक्त ऊर बडवला, मागितलं काहीच नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये 'कम्प्लेंट'ची व्याख्या आहे. त्यानुसार ती लेखी हवी आणि दाद मिळवण्यासाठी केलेली हवी. तक्रार करणारा तो 'कम्प्लेनंट', म्हणजे तक्रारदार. माझा मेल लेखी होता, पण दाद कुठे मागितली होती?

आज मी असं लिहितो:
'आय वुड लाइक टू मेक अ कम्प्लेंट अबाउट माय ऑर्डर. नाइन्टीन कप्स अराइव्ह्ड ब्रोकन. द फोटोज अँड द बिल आर अटॅच्ड. प्लीज रिप्लेस देम बाय मंडे.'

चार वाक्यं: विषय, नेमकं काय झालं, पुरावा, मागणी आणि तारीख. राग कुठेच नाही. आणि हा मेल माल आला त्याच दिवशी जातो, मुदतीची वाट बघत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. आपल्याकडे गिऱ्हाईक चिडून येतं, तेव्हा त्यालाही मागणी नीट मांडता येत नसते. माझ्यासारखं 'सॉरी' ऐकून तो घरी गेला, तर परत येईलच असं नाही. म्हणून आपणच विचारायचं, "दादा, बदलून देऊ की पैसे परत देऊ?"

गृहपाठ: तुमच्या धंद्यातली एक खरी अडचण घ्या आणि याच चार वाक्यांत वहीत लिहून काढा. चौथं वाक्य आधी लिहा. बाकीची तीन आपोआप सुचतील.

भेटू पुढच्या व्हिडिओत!