शेतातलं औषध मागू नको

करडी, ता. मोहाडी, जि. भंडारा
12 जुलै

चि. मयूरीस,

तुझे फोटो मोठे करून पाहिले. क्रोटनच्या पानाच्या बेचक्यात कापसासारखं जे चिकटलंय ती बुरशी नव्हे, पिठ्या ढेकूण आहे. दुकानदार मिलीबग म्हणतात तो हाच. त्याखाली तू लिहिलंस, "मामा, धानाचं औषध उरलं असेल तर आईजवळ थोडं पाठव." ते मी पाठवणार नाही.

2017 साल आठव. आपल्याकडे धान तुडतुड्याने खाल्लं, कपाशी बोंडअळीने. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ती माणसं उघड्या शिवारात होती, वारा होता. तुझा फ्लॅट दारं-खिडक्या लावलेला, त्यात रांगणारी पोर. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, आणि सगळ्यात सौम्य हिरवा. त्याच डब्यावर कोणत्या पिकाला किती मात्रा तेही छापलेलं असतं. कुंडीतल्या क्रोटनचं नाव त्यात शोधून सापडायचं नाही. शिवाय औषध मूळ डब्यातून दुसऱ्या बाटलीत काढून द्यायचं म्हणजे पुण्यात कुणीतरी ते सरबत समजून उचलणार. नकोच.

आता क्रोटन आजच्या आज बाकीच्या झाडांपासून लांब ने. गॅलरीचा कोपरा चालेल, बाथरूमच्या खिडकीत उजेड असेल तर तेही चालेल. मेडिकलमधून स्पिरिट आण, कान साफ करायची कापसाची काडी त्यात बुडव आणि एकेका ढेकणाला टेकव. त्याच्या अंगावरचं मेण विरघळतं आणि आतून गुलाबी-पिवळट किडा उघडा पडतो. घाई करू नको. बेचकं, पानामागची मधली शीर, कुंडीची कड, तळाची भोकं, सगळीकडे बघ. मग लिटरभर पाण्यात भांड्यांच्या पातळ साबणाचा छोटा चमचा आणि तेवढंच कडुनिंबाचं तेल घालून खूप हलव, संध्याकाळी पानांच्या पाठीवर फवार. आधी एका पानावर करून दोन दिवस थांब. काही झाडांना स्पिरिट आणि तेल दोन्ही सोसत नाहीत.

एवढ्यावर सुटलो असं समजू नको. त्या कापसात शेकड्याने अंडी असतात आणि अंड्यांना साबण फारसा बाधत नाही. आठवड्याभरात ती फुटून पिवळी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं चालू लागतात. म्हणून दर आठवड्याला पुन्हा, चार खेपा तरी. कंटाळा येणार असेल तर सरळ झाड पिशवीत बांधून फेकून दे. स्वस्तातल्या एका क्रोटनपायी आईने दिलेली जास्वंद घालवण्यात काय शहाणपण?

खरी चूक फवारणीत नाही, नर्सरीतून आणलेलं झाड त्याच दिवशी बाकीच्यांच्या मांडीला मांडी लावून बसवण्यात आहे. धानाचे पऱ्हे उपटून रोवणीला नेण्याआधी आम्ही शेंडे खुडतो, कारण खोडकिडा अंडी पानाच्या शेंड्याकडे घालतो. बांधीत गेल्यावर कोण शोधत बसणार? तसंच हे. तुमच्या पुण्यातल्या नर्सऱ्यांत झाडं उरुळी कांचनची, नाहीतर थेट आंध्रातल्या कडियमची येतात. ट्रकमध्ये दाटीवाटीने, पानाला पान लागून. पिठ्या ढेकणाच्या मादीला पंखच नसतात. ती येते ती तुझ्याच हाताने.

त्या हाताची ताकद केवढी, ते पपईने दाखवलं. 2008 मध्ये कोइमतूरकडे पपईवर एक परका पिठ्या ढेकूण दिसला, मूळ मेक्सिकोकडचा. तो तुती, जास्वंद कशालाही धरतो. दोन वर्षांत तो पुण्याच्या बाजूलाही आला. फवारून फवारून लोक थकले. शेवटी 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून तिळाहून लहान परोपजीवी माश्या बंगळुरूला आणून, वाढवून सोडल्या. त्या ढेकणाच्याच अंगात अंडी घालतात. कीड आवरली ती त्यांनी. तुझ्या हॉलमध्ये ती माशी येणार नाही, म्हणून काडी तुलाच धरावी लागते.

म्हणजे नवं झाड आलं की दोन-तीन आठवडे वेगळं. रोज नको, पण पाणी घालताना पान उलटून बघ. पान किंवा फरशी चिकट लागली, मुंग्या खोडावर चढू लागल्या, की वर कुणीतरी रस पितंय. त्या चिकट्यावर पुढे काळं धरतं. नागपूरकडच्या संत्र्यावर काळ्या माशीमुळे येते ती कोळशी अशीच. खोडाला तपकिरी खवले दिसले तर तीही कीडच, नखाने खरवड. कुंडीभोवती चिलटं उडत असतील तर पाणी कमी कर, बाकी काही नको.

पाम घेतलास म्हणतेस, त्याकडे मात्र नीट लक्ष दे. पानाखाली पांढरा कागद धर आणि पानाला टिचकी मार. पडलेले ठिपके चालू लागले तर तो लाल कोळी. त्याला आठ पाय, तो कीटकच नव्हे, म्हणून कीटकांचं औषध पुष्कळदा त्याला सोडून त्याला खाणाऱ्यांनाच मारतं आणि तो दुप्पट जोमाने वाढतो. धानातही नको ती औषधं मारून आधी तुडतुडे खाणारे कोळी गेले, मग तुडतुडा माजला, हे आम्ही पाहिलंय. लाल कोळ्याला कोरडी गरम हवा लागते, तुमच्या एसीच्या खोलीतली कोरडी हवाही त्याला चालते. झाड बाथरूममध्ये नेऊन पानांच्या पाठी पाण्याच्या जोरदार धारेने धू, तीन-चार दिवसांनी परत.

निंबोळ्या यंदा बऱ्याच पडल्यात. वाळवून भुकटी करून तुझ्या आईजवळ पाठवतो. मूठभर भुकटी रात्री लिटरभर पाण्यात भिजव, सकाळी फडक्याने गाळ, चिमूटभर साबण घालून त्याच दिवशी संपव. ठेवलेल्या अर्काचा गुण जातो. वास येईल, पण तेवढं सोस.

आणि गणपतीला येताना माझ्यासाठी गुलाब आणणार म्हणालीस, तो खुशाल आण. पण आल्या आल्या तो बागेत जाणार नाही. पंधरा दिवस गोठ्यामागे राहील, मग पाहू.

तुझा
मामा