बांध घाल, पण थोडं पड ठेव

उद्या तू पहिल्यांदा लिनक्स सर्व्हरची डिस्क विभागणार. मी ही खुर्ची सोडतोय, तर एवढं कानात ठेव.

आधी डिस्क ओळख, मग हात लाव. आज एसडीए म्हणून दिसणारी डिस्क उद्या एसडीबी होऊ शकते. एलएसबीएलकेमध्ये आकार आणि सिरियल नंबर बघ, कागदावरच्या नोंदीशी जुळव. घाईघाईत मी एकदा नव्या डिस्कऐवजी बॅकअपचीच डिस्क फॉरमॅट केली होती. तेव्हापासून एंटर दाबण्याआधी हात मांडीवर ठेवतो आणि ओळ पुन्हा वाचतो.

तक्ता जीपीटीचाच घे. जुन्या एमबीआरमध्ये प्राइमरी पार्टिशन चारच, आणि 512 बाइटच्या सेक्टरवर 2 टेबीबाइटच्या पुढची जागा वापरताच येत नाही. पहिलं पार्टिशन 2048व्या सेक्टरपासून सुरू होतं. अलीकडची 1 मेबीबाइट वाया गेली असं समजून ती भरायला जाऊ नकोस.

बांध कशासाठी, तर एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात शिरू नये म्हणून. व्हार वेगळं ठेव. रात्रीतून लॉग फुगले तरी रूट गुदमरणार नाही आणि तुला निदान लॉगिन करता येईल. होम वेगळं असलं, की सिस्टम नव्यानं टाकताना लोकांच्या फायलींना धक्का लागत नाही. मात्र इन्स्टॉलरमध्ये होमसमोरची फॉरमॅटची खूण काढायला विसरू नकोस. यापुढे बांध वाढवशील तर एकीकडे जागा ओसाड पडेल आणि दुसरीकडे टंचाई होईल.

सगळी डिस्क पहिल्याच दिवशी वाटून टाकू नकोस. एलव्हीएम घे, प्रत्येकाला गरजेपुरतं दे आणि उरलेलं पड ठेव. ईएक्सटी4 काय, एक्सएफएस काय, चालत्या सिस्टमवर वाढवता येतं. आखडताना मात्र ईएक्सटी4 आधी अनमाउंट करावं लागतं, आणि एक्सएफएस आखडत नाही असंच धरून चाल. दिलेलं परत घेणं घरातल्या वाटणीतही जड जातं.

डीएफ जागा दाखवतंय, तरी फाईल तयार होत नाही? मग डीएफला आय जोडून बघ. लाखो बारीक फायलींनी आयनोड संपवलेले असतात.

एफएसटॅबमध्ये डिस्कचं नाव लिहू नकोस, यूयूआयडी लिही. डेटाच्या डिस्कला नोफेल लाव, नाहीतर ती रुसली की बूटच अडकेल. रीबूटआधी माउंटला ए जोडून चालव. चूक तिथंच दिसली तर पुढचा घाम वाचतो.

शेवटचं. एसएफडिस्कला डी जोडून तक्ता फाईलमध्ये उतरव आणि ती फाईल दुसऱ्या मशिनवर ठेव. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनमध्ये ठेवलेल्या प्रतीला बॅकअप म्हणू नकोस. पुरात अख्खं शेत गेलं, की बांधही त्याच्याबरोबर जातात.