पुळणीवरची गाडी आणि पुढचे शॉकअप

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की रस्त्याच्या एका अंगाला नारळी-पोफळीच्या वाड्या आणि दुसऱ्या अंगाला खारं वारं. या वाऱ्याचा पहिला मार बसतो तो मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपच्या चकचकीत पाइपला. क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढा गंज धरतो. गाडी खड्ड्यात गेली की तोच खडबडीत भाग ऑइल सीलच्या रबरी ओठावर कानसासारखा फिरतो. मग तेल पाझरतं, पाइपवर काळी चिकट कडी दिसते आणि आपण म्हणतो, ‘सील गेलं.’

मीही तेच म्हणत होतो. एका वर्षात तीनदा सील बदललं, तेव्हा कुठे पाइपवरून नख फिरवून पाहण्याची बुद्धी झाली. म्हणून या कृतीत सीलपेक्षा पाइपला मान जास्त आहे. खाली सांगितलेली रीत स्प्लेंडरसारख्या साध्या, सरळ फोर्कच्या (म्हणजे पुढच्या शॉकअपच्या) गाड्यांची आहे. उलट्या फोर्कच्या महागड्या गाड्या घरी उघडू नयेत.

आधी तपासणी

पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर जोर देऊन सोडा. पुढचा भाग वर येऊन थांबला तर ठीक; दोन-तीनदा डुलला तर तेल कमी झालंय किंवा पातळ पडलंय.

पाझर नुकताच सुरू झाला असेल तर लगेच पाने काढू नका. डस्ट सील वर उचला. जुन्या एक्स-रेच्या फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापा, तिच्या टोकाला छोटा आकडा ठेवा आणि ती ऑइल सील व पाइप यांच्यामध्ये सरकवून गोल फिरवा. बऱ्याचदा पुळणीचा एखादा कण बाहेर येतो आणि पाझर थांबतो.

साहित्य

दोन्ही बाजूंची ऑइल सील व डस्ट सील, तळाच्या बोल्टची तांब्याची वायसर, गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं फोर्क ऑइल, ॲलन की, पाने, लॉक काढायचा चिमटा, थ्रेडलॉक, रॉकेल, सुती फडकी, १००० आणि १५०० नंबरचा पॉलिश पेपर, सीलच्या मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि औषधाच्या दुकानात मिळणारी ५० मिलिलिटरची सिरिंज. फोर्क ऑइलऐवजी इंजिन ऑइल चालणार नाही.

कृती

१. गाडी गोड्या पाण्याने धुऊन वाळवा. डबल स्टँडवर लावून इंजिनखाली लाकडी ठोकळा द्या, म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहील. गाडी हलवून पाहा. डगमगत असेल तर पुढे जाऊ नका.

२. ब्रेक आणि मीटरची केबल सोडवा, ॲक्सल काढून चाक उतरवा, मग मडगार्ड. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर दोरीने टांगा, पॅडमध्ये लाकडाची चीप ठेवा आणि लिव्हरला हात लावू नका.

३. फोर्क गाडीवर असतानाच तळाचा ॲलन बोल्ट जरासा सैल करा. आत स्प्रिंगचा दाब असतो तोवर प्लंजर (हा बोल्ट जिच्यात बसतो ती आतली नळी) फिरत नाही. नंतर हा बोल्ट नुसताच गरगरतो आणि अर्धा दिवस खातो.

४. वरचे आणि क्लॅम्पचे बोल्ट सोडून फोर्क पिळत पिळत खाली ओढा. डावा-उजवा अशी खूण करून ठेवा.

५. वरचं बूच उघडताना तोंड बाजूला ठेवा आणि बुचावर फडकं धरा. आतली स्प्रिंग त्याला उडवू शकते. स्प्रिंगचं कुठलं टोक वर होतं ते लिहून ठेवा.

६. फोर्क उलटा करून तेल भांड्यात काढा. करडं, चमकतं तेल म्हणजे धातूची झीज. ताकासारखं पांढुरकं म्हणजे आत पाणी शिरलंय.

७. तळाचा बोल्ट काढा, डस्ट सील आणि ऑइल सील धरून ठेवणारं लॉक काढा, पाइप ओढून घ्या. जुनं सील पेचकसाने उचकटताना बॉटमच्या, म्हणजे पाइप ज्यात सरकतो त्या खालच्या नळकांड्याच्या, कडेवर लाकडाची पट्टी ठेवा. ॲल्युमिनियमला ओरखडा गेला तर नवं सीलही गळेल.

८. आता पाइप. पुसून उजेडाकडे धरा आणि सील जिथे घासतं त्या पट्ट्यात नख आडवं-उभं फिरवा. नुसता डाग असेल तर तेल लावलेल्या पॉलिश पेपरने, आधी १००० आणि मग १५००, हलक्या हाताने गोल घासा. नख अडकेल एवढा एखाददुसरा खड्डा असेल तर तो इपॉक्सीने भरून, वाळल्यावर सपाट करता येतो. पण ती तात्पुरती मलमपट्टी. क्रोमचे पापुद्रे सुटले असतील तर पाइप नवा घ्या. वाक पाहायला पाइप काचेवर लोळवा. खालून उजेडाची फट उघडझाप करत असेल तर तो वाकलाय, तोही बदला.

९. सगळे भाग रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवा. फडक्याचा एक धागाही आत राहता कामा नये.

१०. पाइप आणि प्लंजर बॉटममध्ये बसवा. तळाचा बोल्ट नव्या वायसरसह, आट्यांना थ्रेडलॉक लावून घट्ट करा; प्लंजर फिरू नये म्हणून तेवढ्यापुरती वरून स्प्रिंग घालून दाबून धरा.

११. पाइपच्या वरच्या कडेवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, तिला तेल लावा आणि सील वरून सरकवा. बारीक स्प्रिंगची बाजू खाली, नंबर छापलेली बाजू वर. त्यावर जुनं सील ठेवून पीव्हीसी तुकड्याने चहूबाजूंनी सारखं ठोका. लॉकची खाच पूर्ण दिसली की थांबा. लॉक आणि डस्ट सील बसवा.

१२. मॅन्युअलमधल्या मापाचं तेल सिरिंजने मोजून घाला. पाइप आठ-दहा वेळा सावकाश वरखाली करून हवा काढा. स्प्रिंग घालण्याआधी दोन्ही पाइप पूर्ण दाबून तेलाची पातळी पट्टीने मोजा. दोन्हीकडे सारखी हवी. ‘थोडं जास्त असू दे’ हा मोह नको, जास्तीचं तेल दाबाखाली सीलच फोडतं.

१३. स्प्रिंग, बूच, फोर्क, मडगार्ड, चाक असं उलट क्रमाने जोडा. ड्रम ब्रेक असेल तर प्लेटची खाच फोर्कच्या उंचवट्यावर बसलीच पाहिजे. ती चुकली तर ब्रेक दाबताच प्लेट फिरते आणि गाडी पडते. ॲक्सल घट्ट करून पुढचा भाग चार-पाच वेळा दाबा, मगच क्लॅम्पचे बोल्ट शेवटचे आवळा.

१४. ब्रेक तपासूनच गल्लीत हळू एक फेरी मारा. दुसऱ्या दिवशी पाइपवर कोरडं फडकं फिरवा. ते कोरडंच राहिलं तर काम झालं.

मागच्या शॉकअपविषयी

मागचे शॉकअप सहसा सीलबंद असतात आणि गॅस भरलेल्यांत नायट्रोजन दाबाखाली असतो. त्यांना भोक पाडणं, तापवणं, कापणं जिवावर बेतू शकतं. घरी फक्त बुश तपासा, बाकी बदलून घ्या.

काढलेलं तेल बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्या. वाडीतल्या पाटात ओतलं तर ते विहिरीत किंवा खाडीत जातं. आणि पुळणीवरून किंवा मांडव्याच्या जेट्टीवरून घरी आल्यावर, गाडी झाकण्याआधी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने दोन्ही पाइप पुसा, मग तेलाचं बोट फिरवा. दोन मिनिटं लागतात. तीन वेळा सील बदलल्यावर मला लागलेली ही सवय तुम्ही आजच लावून घ्या.