मांसाहार, मात्रा आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग

कोल्हापुरातील रुग्णास ‘मटण बंद करा’ असे सांगणे सोपे; त्याने ते पाळणे विरळा. म्हणून काय आणि किती, हे वैद्याने नेमके सांगावयास हवे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेज, सलामी, हॅम यांसारखे प्रक्रिया केलेले मांस निश्चित कर्करोगकारक ठरविले. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठे आतडे व मलाशय यांच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. मूळ धोका भारतात पाश्चात्त्य देशांहून कमी आहे, हे ध्यानात ठेवावे. लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात आहे व बोकडाचे मटण त्यातच मोडते. तेव्हा दोष तांबड्या रश्शाच्या रंगाला देऊ नये. प्रश्न मांसाच्या मात्रेचा आणि वारंवारतेचा आहे. चरकाचार्यांनी तर सूत्रस्थानातील एका अध्यायाचे नावच ‘मात्राशितीय’ ठेवले आहे.

ज्वारीची भाकरी, कडधान्ये व पालेभाज्या यांतील तंतूंपासून आतड्यातील जीवाणू ब्युटिरेट तयार करतात. त्यावर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. मद्य आणि स्थौल्य धोका वाढवितात.

परंतु पथ्य म्हणजे निदान नव्हे. शौचावाटे रक्त दिसताच अर्श समजून केवळ ताक व सुरण देत राहणे घातक ठरू शकते. गुदपरीक्षण प्रत्येक वेळी करावे. मलप्रवृत्तीत बदल, पांडुता वा वजनात घट आढळल्यास रुग्णास विनाविलंब कोलोनोस्कोपीसाठी पाठवावे.