मॉनिटर दिवस सांगतो, निर्णय दोघांचा

लग्नाच्या तयारीला येणारी अंबरनाथ-बदलापूरची जोडपी विचारतात, "फादर, मेडिकलमधले ओव्ह्युलेशन किट किंवा मॉनिटर वापरलेला चालतो का?" चालतो. रास्त कारण असल्यास मुलांमध्ये अंतर ठेवण्यासाठी स्त्रीच्या नैसर्गिक चक्राचा आधार घेता येतो, असे पोप पौल सहावे यांनी १९६८ च्या 'ह्युमाने व्हिते' या परिपत्रकात शिकवले.

पण मर्यादा समजून घ्या. लघवीतील एल.एच. हे संप्रेरक वाढले की साधारण २४ ते ३६ तासांत स्त्रीबीज बाहेर पडते. ते जेमतेम एक दिवस जगते. पुरुषबीज मात्र पाच दिवसांपर्यंत जगू शकते. म्हणून बाळ हवे असणाऱ्यांना किट उपयोगी. अंतर ठेवणाऱ्यांना त्याचा इशारा उशिरा मिळतो. इस्ट्रोजेनही मोजणारा मॉनिटर आधी सावध करतो, तरी स्रावाचे निरीक्षण जाणकाराकडून शिकावेच.

बाळ होत नसेल तर दोष पत्नीवर टाकू नका. तपासणी दोघांची व्हावी. विवाहसंस्कार पतिपत्नी एकमेकांना देतात. पहाटेची लोकल पकडणाऱ्या पत्नीची नोंदवही आज रात्री पतीनेही उघडावी, आणि दोघांनी मिळून प्रार्थना करावी.

आपले धर्मगुरू